लस मिनिटात, ओटीपीला मात्र जन्म

खरसुंडीच्या पौषी यात्रेत खिलार खोंड विकायला न्यायचा होता. १ जून २०२४ पासून राज्यात कानात बिल्ला असल्याशिवाय जनावराची बाजारात खरेदी-विक्री होत नाही. आमच्या खोंडाला बिल्ला होता. लाळ्या-खुरकुताची लसही झाली. डॉक्टर आले, बर्फाच्या डब्यातून बाटली काढली, मानेत सुई टोचली आणि पुढच्या गोठ्याकडे निघाले.

घोडं अडलं नोंदीपाशी. ती सरकारच्या ‘भारत पशुधन’ ॲपवर होते आणि ओटीपी मालकाच्या मोबाईलवर जातो. खोंड मी सांगोल्याकडनं घेतलेला, बारा आकडी बिल्ला अजून जुन्या मालकाच्याच नावावर. तो गडी ऊसतोडीच्या टोळीबरोबर कर्नाटकात. दिवसभर फडात, फोन बंद. रात्री फोन लागायचा तर दवाखान्याला कुलूप. सकाळी मी दवाखान्यात हजर, तर साहेब दौऱ्यावर. एकदाचे सगळे जुळले. त्यानं मेसेज उघडला, पण इंग्रजी वाचता येईना. कोपीतल्या, म्हणजे झोपडीतल्या, पोरीला हाका मारल्या. ती धावत आली, “सहा, सहा, शून्य...” म्हणेपर्यंत मुदत संपली! साहेब माझ्यावरच डाफरले, “आधी नावावर करून घ्यायचं की!” बाजारात पावती फाडताना हे कुणी सांगितलं होतं?

त्या बाकड्यावर बसून बसून लसीचं ज्ञान मात्र भरपूर मिळालं. या लसीत ओ, ए आणि एशिया-१ या तीन प्रकारांचे मारलेले विषाणू असतात. त्यानं रोग होत नाही, पण शरीर त्यांना ओळखून प्रतिपिंडं तयार करतं. त्याला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून यात्रेच्या आदल्या दिवशी टोचून काही उपयोग नाही, महिनाभर आधीच उरका. पहिल्यांदाच लस घेणाऱ्या वासराला महिन्याभरानं दुसरा डोस लागतो, पुढं दर सहा महिन्यांनी. चार महिन्यांच्या आतल्या वासराला सहसा देत नाहीत, कारण चिकातून आलेली आईची प्रतिपिंडंच लस निकामी करतात. आणि बाटली २ ते ८ अंशांतच राहिली पाहिजे. बर्फाच्या डब्याबाहेर उन्हात पडलेली दिसली तर सरळ विचारा, लाजू नका.

शेवटी त्या पोरीलाच फोन घेऊन बसवलं. आकडे तिनं घडाघडा वाचले, बिल्ला माझ्या नावावर आला आणि लसीचा ओटीपी माझ्याच खिशात वाजला. तिला खाऊला पैसे पाठवले, दवाखान्यात कुणाला चहासुद्धा पाजला नाही.

हो, सांगायचं राहिलं. टोचल्या जागी गाठ येते, ती दाबत बसू नका. दूध एक-दोन दिवस थोडं कमी होतं, तेही भरून येतं. आजारी जनावराला मात्र आधी बरं होऊ द्या. जनावर विकत घेताना दावं हातात घ्यायच्या आधी बिल्ल्याचा नंबर ॲपवर कुणाच्या नावावर आहे ते बघा, आणि विकणारा समोर असतानाच ओटीपी मागून घ्या.