तुम्ही विचारलंत म्हणून: चूक कोणाची, हे मी का सांगत नाही

जोडप्यांचं समुपदेशन करते म्हटलं की हा प्रश्न येतोच. ओळखीचे विचारतात, समोर बसलेली जोडपीही विचारतात: "दोघांचं ऐकून घेता, मग चुकतंय कोण ते सांगून का टाकत नाही? फी कशाची घेता?" मी मोघम उत्तर देते आणि विचारणारा तोंड पाडून जातो. म्हणून आज सविस्तर.

मला मत नसतं, असा समज करून घेऊ नका. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत ते तयार होतं. कोणाचंही होईल. पण तोवर माझ्यासमोर आलेलं असतं ते दोघांपैकी जास्त चांगलं बोलणाऱ्याचं म्हणणं.

आता प्रत्यक्ष काम. मागच्या आठवड्यातलं एकच भांडण घ्यायचं, तेही सुरुवातीच्या दोन मिनिटांपुरतं. समजा, नवऱ्याला घरी यायला तासभर उशीर झाला. तो दारात चप्पल काढतोय तोच बायको म्हणते, "एक फोन करता येत नाही?" तो उत्तर देत नाही, आत जाऊन मोबाइल चार्जिंगला लावतो. ती मागोमाग जाते, आवाज चढतो. तो दार लावून घेतो. संपलं. एवढ्या दोन मिनिटांना सेशनमधली पंचवीस मिनिटं सहज लागतात.

मी तिला विचारते, तो न बोलता आत गेला, त्या क्षणी तुम्ही काय समजलात? ती आधी त्याच्या स्वभावावर बोलते: हा असाच आहे, पहिल्यापासून. मी थांबवते आणि पुन्हा त्याच क्षणावर आणते. तिसऱ्या-चौथ्या वेळी उत्तर येतं: "मी असले काय, नसले काय, याला फरक पडत नाही, असं वाटलं." मग त्याच्याकडे वळायचं. चप्पल काढताना आवाज ऐकलात, तेव्हा अंगात काय झालं? "छातीत धडधडलं. काहीही बोललो तरी चुकणारच, मग न बोललेलं बरं." तो गप्प होतो भांडण वाढू नये म्हणून, आणि तिच्यासाठी भांडण सुरू होतं त्याच्या गप्प होण्यापासून. माणसांमधल्या संवादाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पॉल वॉट्झलाविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 साली हे नेमकं मांडलं होतं: ती टोचते कारण तो गप्प होतो, तो गप्प होतो कारण ती टोचते, आणि प्रत्येक जण साखळी दुसऱ्याच्या कडीपासून मोजतो.

नेमक्या याच वेळी दोघांपैकी एक जण माझ्याकडे वळतो: "आता तुम्हीच सांगा."

सांगितलं तर काय होतं? मी म्हटलं, फोन करायला हवा होता. घरी जाताना वाटेतच "बघ, मॅडमही तेच म्हणाल्या" सुरू होतं. पुढच्या वेळी तो येत नाही, किंवा येतो आणि हो-हो करत बसतो. तीही त्या धडधडीबद्दल पुन्हा विचारत नाही, कारण निकाल तिच्या बाजूने लागलेला असतो. जे पंचवीस मिनिटांत कसंबसं वर आलं होतं, ते पुन्हा बुडतं.

निकालाऐवजी मी काम देते. जोडप्यांवर संशोधन करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या अभ्यासातून आलेली एक खूण आम्ही वापरतो: भांडताना नाडी मिनिटाला शंभरच्या वर गेली की समोरच्याचं बोलणं नीट पोहोचत नाही. तेव्हा थांबायचं, पण किमान वीस मिनिटं, आणि परत कधी बोलायचं ते सांगून. "साडेदहाला बोलू" असं न सांगता उठून गेलात, तर ते पुन्हा दार लावून घेणंच झालं. आणि त्या वीस मिनिटांत मनातल्या मनात मुद्दे घोळवत बसलात, तर नाडी खाली येतच नाही. सल्ला फसतो तो बहुतेक इथेच.

कुटुंब घेऊन येणाऱ्यांचा प्रश्न वेगळ्या वेषात येतो: "याला समजावा," मुलाकडे बोट दाखवून. तिथे मी विचारते, आईबाबांचा आवाज चढला की घरात आधी कोण उठतं? उत्तर बहुतेक धाकट्याकडून येतं. एकट्याने येणाऱ्यांबाबत तर मी आणखी जपून असते. ज्याला मी पाहिलंच नाही, त्या जोडीदाराला एकतर्फी ऐकून एखाद्या विकाराचं नाव चिकटवणार नाही, कितीही आग्रह झाला तरी.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे नेहमी दोघंही सारखेच जबाबदार? नाही. इथे मी हट्टाने नाही म्हणते. इटलीतल्या मिलानच्या थेरपिस्टांच्या गटाने 1980 साली तटस्थता हे कुटुंबोपचाराचं तत्त्व म्हणून मांडलं, आणि त्याच दशकात स्त्रीवादी थेरपिस्टांनी त्याला आव्हान दिलं: घरात ताकद असमान असेल तर मधोमध बसणारा बलवानाच्या बाजूला बसलेला असतो. मला ते पटतं. म्हणून सुरुवातीला प्रत्येकाला एकेकटं भेटते. मारहाण, धमक्या, पैशांवरचा ताबा, हे जोडीदारासमोर विचारलं तर खरं उत्तर येत नाही, आणि आलंच तर त्याची किंमत घरी मोजावी लागते. एक जण दुसऱ्याला घाबरत असेल, तर दोघांना एकत्र बसवणं मी थांबवते. घाबरणाऱ्या व्यक्तीसोबत आधी सुरक्षिततेची आखणी होते: कोणाला फोन करायचा, कागदपत्रं कुठे ठेवायची, कुठे जायचं. हिंसेची जबाबदारी करणाऱ्याची, तिथे साखळी मोजत बसत नाही.

माझं अडतं ते या दोन टोकांच्या मध्ये. प्रेमप्रकरण उघडकीला आलं, तर फसवण्याचा निर्णय एकाचा असतो, हे मी स्पष्ट म्हणते. आधीचं अंतर दोघांचं होतं, हेही अनेकदा खरं असतं. पण ते लवकर उच्चारलं की दुखावलेल्याला वाटतं, दोष आपल्यावर ढकलला. म्हणून सुरुवातीची सेशन्स त्याच्याच प्रश्नांसाठी ठेवते. दुसऱ्या भागाकडे कधी वळायचं, यावर माझं उत्तर जोडप्यागणिक बदलतं, आणि तिथे "बाजू घेतलीत" हा आरोप दोन्हीकडून ऐकावा लागतो. तो दर वेळी खोटाच असतो, असं मी म्हणणार नाही.