पडवीतल्या पतंगाचे नाव ठरवताना

आमचे घर आंबोली घाटाच्या पायथ्याशी आहे. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये एका रात्री पडवीतला दिवा चालूच राहिला आणि सकाळी उठून पाहते तर खांबावर विटकरी रंगाचा एक भलामोठा पतंग पंख पसरून स्वस्थ बसलेला होता. चारही पंखांवर काचेसारख्या पारदर्शक त्रिकोणी खिडक्या होत्या आणि पुढच्या पंखांची टोके सापाच्या फण्यासारखी वळलेली होती. मोजपट्टी शेजारी धरून मी फोटो काढले. पंखांचा विस्तार २१ सेंटिमीटर भरला. शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, बारीक होत्या, म्हणजे ही मादी. नराच्या शृंगिका पिसासारख्या रुंद असतात, कारण मादीचा गंध त्याला दुरून टिपायचा असतो.

नाव मला आधीपासून ठाऊक होते, निदान तसे वाटत होते. दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येणाऱ्या बातम्यांमध्ये या पतंगाला ‘ॲटलास’ म्हटलेले मी वाचले होते, म्हणून निरीक्षणे नोंदवण्याच्या एका संकेतस्थळावर मी ‘ॲटॅकस ॲटलास’ असे लिहून मोकळी झाले. चार दिवसांनी पतंगांच्या एका अभ्यासकाने त्याखाली लिहिले की सह्याद्रीतला हा पतंग ‘ॲटॅकस टॅप्रोबॅनिस’ असावा. मला ते पटले नाही. दोन्हींचे फोटो शेजारी ठेवून मी एक पूर्ण संध्याकाळ घालवली आणि रंगाची छटा, खिडक्यांचा आकार, पांढऱ्या रेषांची वळणे यांत फरक शोधत राहिले. पण एकाच प्रजातीच्या दोन पतंगांतही या गोष्टी इतक्या बदलतात की एका फोटोवरून मला काहीच ठरवता येईना.

मग मी नावांच्या इतिहासाकडे वळले आणि तिथे बरेच उलगडले. कार्ल लिनियस यांनी १७५८ मध्ये ‘ॲटलास’ हे नाव दिले, तेव्हा त्यांनी बहुतेक पतंग ‘फॅलीना’ या एकाच वंशात, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या एकाच गटात, घातले होते. शास्त्रीय नावातला पहिला शब्द या वंशाचा असतो. पुढे त्या मोठ्या गठ्ठ्याचे अनेक वंश झाले आणि हा पतंग ‘ॲटॅकस’मध्ये गेला. म्हणून आज त्याच्या शास्त्रीय नावापुढे लिनियस यांचे नाव आणि वर्ष कंसात लिहितात. मूळ वंश बदलला आहे, एवढेच तो कंस सांगतो. ‘टॅप्रोबॅनिस’ हे नाव एकोणिसाव्या शतकात फ्रेडरिक मूर यांनी दिले. टॅप्रोबेन हे श्रीलंकेचे प्राचीन ग्रीक नाव. मूर यांनी ही प्रजाती मुळातच ‘ॲटॅकस’मध्ये वर्णिली असल्यामुळे त्यांच्या नावाला कंस लागत नाही. इतकी वर्षे मी दोन्ही प्रकारची नावे वाचत होते, पण कंस कुठे आहे आणि कुठे नाही, हे कधी पाहिलेच नव्हते.

रिचर्ड पायग्लर यांनी १९८९ मध्ये या संपूर्ण वंशाचा नव्याने आढावा घेतला, त्यातही ‘टॅप्रोबॅनिस’ ही स्वतंत्र प्रजाती मानली आहे. ती दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत आढळते, तर ‘ॲटलास’ हिमालयाच्या पायथ्यापासून ईशान्य भारतमार्गे आग्नेय आशियात पसरलेली आहे. खात्रीची ओळख नराच्या जननांगांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून पटवतात. माझ्याकडे फक्त मादीचे फोटो होते, त्यामुळे पतंग कुठे दिसला हाच माझ्या हातातला सर्वांत भक्कम पुरावा ठरला. मी नोंद बदलली आणि ‘ओळख स्थळावरून, नर तपासलेला नाही’ असा शेरा खाली जोडला. हा शेरा नसता तर पुढच्या वाचणाऱ्याला माझी खात्री माझ्या पुराव्यापेक्षा मोठी वाटली असती.

यंदा जूनमध्ये परसातल्या दालचिनीवर एक कोश सापडला. पानात गुंडाळलेला, करड्या तपकिरी रंगाचा आणि देठ फांदीला रेशमाने घट्ट बांधलेला. विदर्भात ज्याच्या कोशांपासून टसर काढतात तो पतंगही याच कुळातला. पण ॲटॅकसच्या कोशातून सलग धागा उकलत नाही, तो कातावा लागतो. एका संध्याकाळी कोशाच्या वरच्या तोंडातून नर बाहेर आला. या पतंगांना प्रौढावस्थेत कामाचे तोंडच नसते, सुरवंट असताना साठवलेल्या चरबीवर ते जेमतेम आठवडा-दोन आठवडे जगतात, त्यामुळे त्याला अडवून ठेवावेसे वाटले नाही. शृंगिकांचे आणि पंखांच्या दोन्ही बाजूंचे फोटो घेतले आणि अंधार पडताच तो उडून गेला.

रिकामा कोश मी एका डबीत ठेवला आहे. आतल्या चिठ्ठीवर तारीख, ठिकाण आणि दालचिनी या नोंदी आहेत, त्याखाली ‘ॲटॅकस टॅप्रोबॅनिस, मूर’ असे कंसाशिवाय लिहिले आहे आणि शेवटी पुन्हा तोच शेरा: ओळख स्थळावरून.