साठ ग्रॅम बेदाणे

दिवाळीत दवाखान्यात सगळ्यात जास्त येतात ते फटाक्यांना घाबरलेले कुत्रे, आणि त्यांच्या खालोखाल सुक्यामेव्यावर डल्ला मारलेले. दहा किलोची ही बीगल दुसऱ्या गटातली. भेट आलेलं खोकं फाडून तिने बेदाण्यांवर ताव मारला होता, तोही दोन तासांपूर्वी.

"डॉक्टर, चांगली उड्या मारतेय, उगाचच आलो का आम्ही?" घरच्या बाईंनी विचारलं.

उगाच नव्हे. बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, पण सुरुवातीला कुत्रं ठणठणीतच दिसतं. उलट्या बहुतेकदा पहिल्या दिवसात सुरू होतात आणि किडनी बिघडल्याचं रक्तात दिसतं ते २४ ते ७२ तासांत. तोवर थांबलं तर हातात फारसं काही उरत नाही.

त्यांनी फाटकं पाकीट सोबत आणलं होतं, हे फार बरं केलं. वर छापलेलं वजन २५० ग्रॅम, काट्यावर उरलेले १९०. म्हणजे पोटात ६० ग्रॅम, किलोमागे ६. बेदाण्यांनी किडनी गेल्याची नोंद किलोमागे २.८ ग्रॅमलाही आहे. "रोज दोन देतो, काही होत नाही" हे मी नेहमी ऐकतो. पण संशय आहे तो द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर, आणि त्याचं प्रमाण द्राक्षाच्या जातीनुसार, पिकण्यानुसार बदलतं. म्हणून सुरक्षित आकडा कुणीच सांगू शकत नाही.

घरात आजोबांनी उलटी व्हावी म्हणून मिठाचं पाणी पाजायची तयारी केली होती, नातीने फोन केला म्हणून टळलं. मिठाने रक्तातलं सोडियम वाढून झटके येतात. बेदाण्यांपेक्षा तोच उपाय जीवावर बेततो.

किलोमागे ०.०३ मिलिग्रॅम अपोमॉर्फिन, हे उलटी करवणारं औषध, शिरेतून दिलं. काही मिनिटांत ट्रेमध्ये टम्म फुगलेले, जवळजवळ अख्खे बेदाणे पडले. ते पोटात बराच वेळ रेंगाळतात, त्यामुळे दोन तासांनंतरही उलटी करवण्यात अर्थ असतो. कुत्रं सुस्त किंवा बेशुद्ध असेल तर मात्र नाही. उलटी फुप्फुसात जाते.

सलाईन लावायच्या आधी रक्त आणि लघवीचा नमुना घेतला. हा क्रम चुकवू नये, कारण सलाईनने लघवी पातळ झाली की किडनी मुळात कशी होती ते कळत नाही. किडनीचं काम बिघडलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनीन ०.९, म्हणजे ठीक, आलं. मग ४८ तास रिंगर लॅक्टेटची सलाईन.

खरी राखण लघवीची. पिंजऱ्यातला पॅड आधी कोरडा आणि नंतर ओला तोलायचा. एक ग्रॅम म्हणजे अंदाजे एक मिली. दहा किलोच्या कुत्र्याला एरवीही तासाला १० ते २० मिली व्हायला हवी, सलाईनवर त्याहून जास्त. आकडा घसरला तर सलाईन तशीच ढकलत राहणं धोक्याचं, पाणी फुप्फुसांत साचतं. इथे पॅड जडच येत राहिले. क्रिएटिनीन २४ तासांनी १.०, ४८ तासांनी पुन्हा ०.९. घरी सोडलं, ७२ तासांची तपासणी तेवढी बाकी ठेवली.

निघताना बाईंनी विचारलं, "आमटी-भात चालेल ना?"

चिंच घातलेली असेल तर नाही. चिंचेतही तेच आम्ल भरपूर असतं, आणि ती खाऊन कुत्र्यांची किडनी बिघडल्याचं २०२२मध्ये प्रसिद्ध झालं आहे. कांदा-लसणाने रक्तातल्या लाल पेशी फुटतात. शिजवल्याने त्यांचा दोष जात नाही. वरण द्यायचंच तर फोडणी, मीठ, चिंच पडण्याआधी वाटीभर बाजूला काढायचं.