खाली थेंबही नाही, मग पाणी जातं कुठे?

जुनी गाडी वापरणारी मंडळी मला हा प्रश्न हमखास विचारतात. दर आठवड्याला रेडिएटरमध्ये पाणी घालावं लागतं, गाडी उभी असते तिथली फरशी मात्र कोरडी. मग पाणी जातं कुठे? माझ्याकडे १९९९ ची मारुती झेन आहे, ती अजून घाट चढते आणि मी ती हौसेने सांभाळतो, म्हणून मला विचारत असावेत. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

बहुतेक वेळा ते पाणी वाफ होऊन जातं. चालून आलेल्या इंजिनाचा पत्रा इतका तापलेला असतो की बारीक गळतीचा थेंब खाली पोचण्याआधीच सुकतो. मागे उरतो तो फक्त डाग. कूलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं रसायन, हिरवं असेल तर हिरवट-पांढरा, खरखरीत थर. म्हणून थेंब शोधत बसू नका, डाग शोधा. टॉर्च लावून होज पाइपांची (रबरी नळ्यांची) टोकं, क्लिपा, रेडिएटरच्या जाळीचे कोपरे आणि वॉटर पंपाची खालची बाजू बघा. पंपाच्या शाफ्टखाली एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून बाहेर येतं. तिथून ओघळ आलेला दिसला तर भोक बुजवायचं नाही, पंप बदलायचा.

दुसरी गोष्ट, गळती थंड इंजिनावरच शोधावी. रेडिएटरचं झाकण हे साधं झाकण नाही, तो एक व्हॉल्व्ह आहे. माझ्या झाकणावर ०.९ आकडा आहे, म्हणजे ०.९ बार दाब, टायरच्या हवेच्या मापात साधारण १३ पीएसआय. एवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११५ अंशांच्या पुढे गेल्याशिवाय उकळत नाही. हा दाब गाडी तापल्यावरच तयार होतो, आणि नेमकं तेव्हा हात घालता येत नाही, पंखा फिरत असतो, वाफेत काही दिसत नाही. तापलेलं झाकण उघडायचा तर विचारही करू नका, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

यावर उपाय म्हणजे प्रेशर टेस्टर. झाकणाच्या जागी बसणारा, दाब दाखवणारं घड्याळ लावलेला हातपंप. चांगल्या रेडिएटरवाल्याकडे असतो. सकाळी थंड गाडीवर तो लावायचा, झाकणावरच्या आकड्याइतकाच दाब द्यायचा आणि दहा-पंधरा मिनिटं काट्याकडे बघायचं. काटा उतरला तर कुठेतरी गळती आहे. काटा हलला नाही तर झाकणच तपासून घ्या. त्याची स्प्रिंग मऊ पडली की पाणी रेडिएटरला जोडलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत ढकललं जातं आणि तिथून बाहेर. झाकणातला उलटा व्हॉल्व्ह, म्हणजे गाडी गार होताना बाटलीतलं पाणी परत आत घेणारा, बिघडला की बाटली काठोकाठ दिसते आणि रेडिएटर मात्र रिकामा होत जातो. म्हणून फक्त बाटलीच्या रेषेवर विसंबू नका, थंड असताना झाकण काढून आत बघा. तापमानाच्या काट्याचंही तसंच. सेन्सरभोवती पाणीच उरलं नाही, तर काटा खालीच राहू शकतो आणि इंजिन आत भाजत असतं.

माझ्या गाडीत टेस्टरचा काटा हळूहळू उतरत होता. गळती निघाली ती मागच्या बाजूला, हीटरकडे जाणाऱ्या होजमध्ये. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून दोन नळ्या बाहेर येतात, त्यातल्या एकीवर. क्लिप घट्ट होती, होजही वरून ठणठणीत वाटत होता. होज काढल्यावर दिसलं की रबराच्या खाली नळी गंजून तिला खड्डे पडले होते, आणि त्या खड्ड्यांवर पांढरी बुकटी साचली होती. अशा नळीवर नवीन होज कितीही आवळला तरी पाणी खड्ड्यांतून वाट काढतंच. बारीक पॉलिश पेपरने नळी गुळगुळीत केली, नवीन होज चढवला आणि क्लिप नळीच्या तोंडाशी असलेल्या उंचवट्याच्या मागे बसवली. उंचवट्यावर बसवलेली क्लिप टिकत नाही. पंचवीस वर्षांनी रबर कडक होणारच, म्हणून दुसरा होजही त्याच दिवशी बदलला.

टेस्टरचा काटा उतरतोय आणि बाहेर काहीच ओलं नाही, तर आधी डाव्या सीटपुढचं, पाय ठेवतो तिथलं कार्पेट हाताने चाचपा. हीटर कॉइल, म्हणजे केबिन गरम करणारी डॅशबोर्डमागची जाळी, गळत असेल तर गोडसर वास येतो आणि काचेवर आतून तेलकट धुकं बसतं. तिथेही कोरडं असेल तर शंका हेड गॅसकेटची, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या सीलची. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, डिपस्टिकवर दुधाळ ऑइल, सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर, यातलं काही दिसलं तर गाडी चालवतच नेऊ नका. झेनचं इंजिन पूर्ण अॅल्युमिनियमचं आहे. एकदा जोरात तापलं की हेड वाकडं होतं आणि मग मशीनवर प्लेन करून घ्यावं लागतं.

हळद टाकून घाट उतरल्याचे किस्से अनेक ड्रायव्हर सांगतात, ते मी खोटे मानत नाही. गाव गाठायला ते ठीक. पण हळद असो की बाजारातली गळती बंद करणारी पावडर, ती भोकात बसते तशी हीटरच्या बारीक नळ्यांतही बसते. घरी पोचल्यावर सगळं धुऊन काढा आणि मूळ दुखणं शोधा.

भरताना बोअरचं पाणी अजिबात नको, आत क्षार धरतो. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला?" असं लोक म्हणतात. कूलंट गंज रोखतं, आपल्याला ते त्यासाठी हवं. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं घ्या. तयार मिसळलेलं आणलं असेल तर त्यात पाणी घालू नका. थंड इंजिनात हळूहळू भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, झाकण उघडंच ठेवून गाडी चालू करा, बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा आणि मगच झाकण लावा. पुढचा आठवडाभर सकाळी गाडी चालू करण्याआधी पातळी बघा.

आणि काढलेलं जुनं कूलंट गटारात ओतू नका, उघड्या बादलीतही ठेवू नका. ते चवीला गोड लागतं आणि विषारी असतं. गल्लीतली कुत्री-मांजरं ते पितात आणि त्यांच्या किडन्या निकामी होतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे द्या, आणि फरशीवर सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुऊन टाका.