कंपासपेटीतली पट्टी

पाच वर्षं पालघरच्या किनाऱ्यावर काढून माझी बदली जळगाव जिल्ह्यात झाली, तेव्हा सासऱ्यांनी विचारलं होतं, "मासेखात्याचा माणूस केळीच्या मुलखात करणार काय?" प्रश्न रास्त होता. इथलं काम म्हणजे हतनूरसारखी धरणं, गावतळी, त्यांचे ठेके, मच्छीमार संस्थांची कागदपत्रं आणि पावसाळ्यात कटला-रोहूच्या बोटुकलीचं, म्हणजे बोटभर पिल्लांचं, वाटप. बोटींचे परवाने, मासे खेचायला लावलेल्या एलईडी दिव्यांच्या तक्रारी, जाळं ओढत नेणारे ट्रॉलरवाले आणि एका जागी जाळं लावणारे डोळवाले यांची भांडणं हे सगळं मागे राहिलं, म्हणून मी मनातून खूश होतो.

ऑगस्टमधली एक सकाळ. १ जून ते ३१ जुलैची समुद्रातली बंदी उठून दोन-तीन आठवडे झाले होते. बाजारात जाऊन लहान मासळीबद्दल जागृती करा, असं वरून सांगणं आलं. २०२३ च्या अखेरीस राज्य सरकारने ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली. तिच्याआतला मासा धरायचा नाही. माझ्याकडे एक पोस्टर आलं होतं, पण त्यावरची निम्मी नावं भुसावळमध्ये कोणी ऐकलेलीसुद्धा नसतील. मोजायला साधन काही आलं नव्हतं. मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी खिशात टाकली आणि निघालो.

साडेसहाला मुंबईकडून आलेल्या गाडीतून थर्माकोलच्या पेट्या उतरत होत्या. बर्फाचं पाणी रस्त्यावर वाहत होतं. एका मावशींच्या पाटीपुढे उकिडवा बसलो आणि पापलेट उचलून पट्टीला लावलं. साडेअकरा सेंटिमीटर. दुसरं बारा. पापलेटाची मर्यादा १३५ मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. वीस मोजले, त्यातले तीन तेवढे रेषेच्या पुढे गेले.

"काय मोजी राह्यले साहेब? शर्ट शिवता का त्याले?" मावशी म्हणाल्या. आजूबाजूचे हसले. मीही हसलो, कारण मागच्या रविवारी आमच्या घरी तव्यावर पडलेलं पापलेट याच पाटीवरचं होतं आणि तेव्हा मला पट्टी आठवली नव्हती.

मी सांगायला लागलो. पापलेट हा आता महाराष्ट्राचा राज्यमासा आहे, २०२३ मध्ये तसं जाहीर झालं. तो कमी होत चालला म्हणून किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनीच ही मागणी लावून धरली होती. एवढासा धरला की त्याने एकदाही अंडी घातलेली नसतात. मावशींनी सुरी न थांबवता ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मोठं पापलेट भुसावळले येतंच कुठी? ते तिकडेच ऱ्हातं, नाहीतर फॉरेनले जातं. इथल्या गिऱ्हाइकाले परवडंन ते हेच. अन् एवढं असंन तर धरणात सोडता तसं समुद्रातबी बीज सोडा ना."

पहिल्या भागाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. दुसऱ्याला होतं. धरणाला भिंत असते. पाण्याचा पसारा मोजता येतो, त्यावर बोटुकली किती सोडायची ते ठरतं, आणि पुढच्या वर्षी जाळ्यात काय आलं तेही त्याच संस्थेच्या वहीत उतरतं. समुद्रात सोडलेला मासा कुठे गेला, कोणी धरला, कुणाला विचारणार? तिथे पेरणी माशांनीच करायची. आपल्या हातात फक्त त्यांना तेवढा वेळ देणं आहे.

आत्तापर्यंत एक गृहस्थ पिशवी हातात घेऊन उभे होते. रावेरकडचे केळीवाले, मुलाला स्टेशनवर सोडून आलेले. त्यांनी सरळच विचारलं, "साहेब, समुद्रात मासा कमी झाला हे तुम्हाला कळतं कसं? बाजारात तर रोज येतो."

हाच प्रश्न मला किनाऱ्यावर दर सभेत विचारला जायचा. बंदरावर एकूण किती टन उतरलं ते पाहून समुद्रातला माशांचा साठा कळत नाही, तेवढ्या मासळीसाठी किती तास जाळं ओढलं ते पाहावं लागतं, असं मी सांगायचो, आणि मागच्या रांगेतून कोणीतरी जांभई द्यायचं. इथेही तेच सुरू केलं. पूर्वी बोट सकाळी जाऊन संध्याकाळी यायची, आता दहा-दहा दिवस बाहेर राहते. इंजीन मोठं, जाळं मोठं, मासा कुठे आहे ते दाखवणारं यंत्र...

"थांबा," ते म्हणाले. "म्हणजे आमच्या बोअरसारखं."

मग त्यांनीच सांगितलं. वडिलांच्या काळी विहिरीवर भागायचं. ती आटली तेव्हा बोअर मारली. ती उतरली तेव्हा दुसरी, आणखी खोल, मोटार दुप्पट ताकदीची. "पाइपातून पाणी तेवढंच पडत होतं. केळी तेवढीच निघत होती. मग कमी झालं म्हणायचं कुणी? सरकारने तालुका अतिशोषित ठरवला, म्हणजे जमिनीत मुरतं त्याहून जास्त पाणी उपसता म्हणाले, तेव्हा आम्ही हसलो होतो. खर्चाची वही पाहिली असती तर आधीच कळलं असतं."

पाच वर्षं मी ज्या गोष्टीवर घसा कोरडा केला, ती या माणसाने पिशवी खाली न ठेवता सांगून टाकली. मला थोडा रागही आला, स्वतःचाच.

मग मी त्यांना कॅनडाच्या कॉड माशाची गोष्ट सांगितली, कारण ती अगदी त्यांच्या बोअरचीच आहे. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळचे छोटे मच्छीमार ओरडत होते की मासा राहिला नाही. मोठ्या ट्रॉलरना मात्र तो भरपूर मिळत होता, कारण उरलेला मासा थव्याने जिथे गोळा व्हायचा तिथेच ते जाऊन पोचायचे. सरकारने ट्रॉलरचे आकडे धरले. जुलै १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली, हजारो लोकांचं काम गेलं, आणि ती बंदी उठायला २०२४ उजाडलं.

"बत्तीस वर्षं?" त्यांनी डोळे मोठे केले. "आमचं पाणी त्याच्या आत वर येईल का हो?"

सगळीकडे इतका वेळ लागत नाही, हेही सांगितलं. अमेरिकेत १९९६ पासून कायदाच आहे: साठा घसरला असं ठरलं की तो सावरायची योजना करायची आणि शक्यतो दहा वर्षांच्या आत पूर्ण करायची. २००० पासून तिथले जवळपास पन्नास साठे असे भरून आले. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०२२ मध्ये देशभरातले १३५ साठे तपासले, त्यातले ९१.१ टक्के ठीक निघाले.

"मग रडता कशाला?"

मी पाटीकडे बोट दाखवलं. देशाचा सरासरी पाऊस चांगला झाला म्हणून रावेरची विहीर भरते का? ते मान हलवून हसले आणि अर्धा किलो पापलेट घेऊन गेले. लहानच. मी काही बोललो नाही.

दुपारी ऑफिसात अहवाल भरला. भेट दिलेले विक्रेते: ११. वाटलेली पत्रकं: ४०. केलेली कारवाई: निरंक. बोअरची गोष्ट लिहायला त्यात रकाना नव्हता, शेऱ्यात एक ओळ टाकली.

पट्टी बाजारातच विसरली होती. मुलीने दोन दिवस कटकट केली, म्हणून पुढच्या आठवड्यात परत गेलो. मावशींनी पट्टी वजनकाट्याला दोऱ्याने बांधून ठेवली होती. पाटीवर दोन ढीग होते. साडेतेराच्या पुढची पापलेटं पानावर मांडलेली, किलोमागे शंभर रुपये जास्त.

"हे सरकारमान्य," त्या गिऱ्हाइकाला सांगत होत्या. दुसरा ढीग नेहमीच्या भावाने चालला होता आणि तोच आधी संपत होता.

पट्टी मी मागितली नाही. येताना स्टेशनरोडवर नवीन घेतली.