बादलीच्या कडेचा पांढरा थर

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर ज्या सोसायट्या टँकर आणि बोअरवेलच्या पाण्यावर भागवतात, तिथे बादलीच्या कडेला पांढरट, बुळबुळीत थर धरतो. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि साबणातली फॅटी ॲसिड्स मिळून तो बनतो, आणि थोडा अंगावरही राहतो. त्यात दिवसभर ऐरोली-महापेच्या ऑफिसातला एसी. संध्याकाळी नडगीवर नख ओढून बघा, पांढरी रेघ उमटली की समजा कातडीतून पाणी निसटतंय. बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असताना त्वचा कोरडी कशी, हे पटकन पटत नाही.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर जेमतेम 10 ते 20 मायक्रॉन जाड. मृत पेशी विटा, लिपिड म्हणजे स्निग्ध पदार्थ त्यांच्या मधलं सिमेंट. वजनाने त्यात निम्मं सेरामाइड, पावभर कोलेस्टेरॉल, बाकी मुख्यतः फॅटी ॲसिड. तिन्ही एकत्र लागतात. त्वचा-संशोधक पीटर इलायस यांच्या गटाने 1990च्या दशकात उंदरांच्या त्वचेवर दाखवलं, की यातलं एकच लिपिड चोळलं तर बिघडलेल्या थराची दुरुस्ती उलट रेंगाळते. तिन्ही सम प्रमाणात असतील तर ती नेहमीच्या गतीने होते, आणि एकाचा वाटा 3:1:1 असा वाढवला की वेग वाढतो. म्हणून डबीवर नुसतं ‘सेरामाइड’ वाचून भुलू नका, घटकांच्या यादीत कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिडही शोधा.

हे सिमेंट पक्कं करणारी एन्झाइम्स आम्लात, पीएच 5च्या आसपास, नीट चालतात. साध्या साबणाचा पीएच 9 ते 10. रोज अंगभर साबण म्हणजे गवंड्याचे हात बांधणं. काखा, जांघा, पावलं एवढ्यांनाच लावा, तोही शक्यतो सिंडेट बार, म्हणजे साबणाऐवजी सौम्य कृत्रिम क्लेन्झरची वडी. पाणी कोमट, आंघोळ 5 ते 10 मिनिटांत आटपा. टॉवेलने टिपा, घासू नका.

मग अंग ओलसर असतानाच, तीनेक मिनिटांत, क्रीम. मोठ्या माणसाच्या सर्वांगाला एका वेळी 20 ते 30 ग्रॅम लागतं. बहुतेक जण त्याच्या पावभरही लावत नाहीत आणि क्रीमला नावं ठेवतात.

खोबरेल तेल वरून पाणी अडवतं, ते चांगलंच. पण सेरामाइडला लागणारं लिनोलेइक ॲसिड त्यात 2 टक्क्यांच्या आसपासच. सूर्यफुलाच्या साध्या तेलात ते भरपूर. ऑलिव्ह तेलातलं ओलेइक ॲसिड मात्र लिपिडची रचना विस्कटतं, म्हणून बाळाच्या मालिशला ते नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

पेट्रोलियम जेलीइतकं पाणी दुसरं काहीच अडवत नाही. पण मे महिन्यात अंगभर थापली तर घामोळं ठरलेलं. रात्री नडग्या, कोपरं, टाचा, बस. युरिया किंवा लॅक्टिक ॲसिडची क्रीम ओल्या भेगांवर झोंबते, तिथे आधी आठवडाभर जेलीच लावा.