स्टेंटच्या आत पुन्हा ब्लॉकेज

2017 च्या उन्हाळ्यातली केस. साठीच्या मावशी, सोबत मुलगा. आदल्या दिवाळीच्या सुमारास दुसरीकडे त्यांची अँजिओप्लास्टी होऊन साधा स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी तारांची जाळी, बसला होता. औषध लावलेला, मेडिकेटेड स्टेंट तेव्हा लाखाच्या पुढे, तो परवडला नाही. पाचेक महिने बरे गेले आणि मग चढ चढताना छातीत पुन्हा भरून यायला लागलं.

अँजिओग्राफीत एलएडी, म्हणजे हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणारी मोठी वाहिनी, नेमकी स्टेंटच्या आतच नव्वद टक्के अरुंद झालेली दिसली. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, खराब झालेला स्टेंट काढून टाका ना." तो निघत नाही. बसवल्यावर काही आठवड्यांत त्यावर वाहिनीचं अस्तर चढतं. पातळ राहिलं तर उत्तमच, पण साध्या स्टेंटमध्ये बऱ्याच जणांचं ते वाढतच जातं, जखमेचा व्रण जाड व्हावा तसं. मेडिकेटेड स्टेंटवरचं सिरोलिमससारखं औषध हळूहळू झिरपून ही वाढ रोखतं. मूळ सिरोलिमस ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पण लगेच दुसरा स्टेंट टाकायचा नाही, आधी आतून बघायचं, हा माझा आग्रह. ओसीटीचा कॅथेटर, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने वाहिनीचं आतलं चित्र दाखवणारी बारीक नळी, सरकवला. पडद्यावर जुन्या स्टेंटच्या तारा ठिपक्यांसारख्या चमकल्या. दोन्ही टोकांना छान गोल, मध्ये मात्र वाहिनीच्या भिंतीत साठलेल्या कडक कॅल्शियमपाशी चेपलेल्या. तिथे स्टेंट पुरता उघडलाच नव्हता. नवा तसाच घातला असता तर तोही तिथेच अडला असता. नॉन-कम्प्लायंट बलून, म्हणजे जास्त दाबातही मापाबाहेर फारसा न फुगणारा फुगा, वीस ॲटमॉस्फिअर दाबाला फुगवला. मावशींना कळ आली, त्यांनी सिस्टरचा हात घट्ट धरला. बलूनच्या मधली खाच हटेना, हटेना, आणि एकदम गेली. मग मेडिकेटेड स्टेंट बसवला, पुन्हा ओसीटी केलं. आता मधला घेरही मोकळा.

फेब्रुवारीतच सरकारने या स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपये, अधिक कर, अशी ठरवली होती. "आधी झालं असतं तर पहिल्यांदाच हा बसवला असता," मुलगा म्हणाला. त्याचं खरंच होतं.

घरी सोडताना मावशींना बजावलं: ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, या स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या, एकही दिवस चुकवायच्या नाहीत. दाढ काढायची झाली तरी आधी आम्हाला विचारायचं.

"अहो, परवाच काढायची ठरलीय."

तिथूनच दातांच्या डॉक्टरांना फोन लावला.